पार्किंग नंबर ७ आणि तबकड्यांवर नसलेली नावं

आपल्या सोसायटीच्या पंचवीस वर्षांचा इतिहास या स्मरणिकेत आलेलाच आहे. १९९९ ची नोंदणी, कन्व्हेयन्सच्या फेऱ्या, बोअरवेल, लिफ्टच्या दुरुस्तीचं महाभारत, गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि लॉकडाऊनमधला भाजीचा टेम्पो, हे सगळं चेअरमनसाहेबांनी आणि सेक्रेटरींनी तारीखवार लिहिलं आहे. त्यात भर घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही. पण संपादक मंडळाने "वहिनी, तुम्ही पण काहीतरी लिहा" असा आग्रह धरला, तेव्हा मी एक धाकटा इतिहास निवडला. तो आहे पार्किंग नंबर ७ चा.

जुन्या सभासदांना लगेच कळलं असेल. नव्यांसाठी सांगते. माझं घर तळमजल्यावर. स्वयंपाकघराची खिडकी थेट सात नंबरवर उघडते. सोसायटी झाल्यापासून साधारण २०१९ पर्यंत दर रविवारी सकाळी तिथे एका जुन्या गाडीचं बॉनेट उघडलेलं असायचं आणि भोवती तीन प्लास्टिकच्या खुर्च्या. गाडी बावाजींची. दुसऱ्या खुर्चीवर बी विंगचे अंकल, मूळचे गोव्याचे. तिसऱ्या खुर्चीवर डॉक्टर. तिघेही प्रसिद्धीला लाजणारे, म्हणून नावं लिहीत नाही. तुम्हाला ओळखू आलेच असतील.

या तिघांना जोडणारा धागा म्हणजे जॅझ. आता जॅझ म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना वाटतं, हे परदेशी, श्रीमंत हॉटेलातलं काहीतरी. आपला काय संबंध? मलाही त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण वीस वर्षं कांदे चिरताना कानावर पडत गेलं आणि कळलं की ही मुंबईचीच गोष्ट आहे. इतकंच नाही, तर माझ्या लाडक्या जुन्या हिंदी गाण्यांची निम्मी गोष्ट त्यातच दडली आहे. ती कुठल्याही तबकडीवर छापलेली नाही. ती अशा खुर्च्यांवरच्या गप्पांमध्येच जिवंत राहिली. म्हणून हा लेख.

ताजपासून सुरुवात

अंकल नेहमी १९३५ पासून सुरू करायचे. त्या वर्षी लिऑन ॲबे नावाचा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन अपोलो बंदरच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्या पाठोपाठ कॉर्नेट आणि ट्रंपेट वाजवणारा क्रिकेट स्मिथ आला, पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला. क्रिकेट स्मिथच्या बँडने १९३६ साली ताजच्याच नावाचं एक फॉक्सट्रॉट रेकॉर्ड केलं. वेदरफर्ड शिकागोत नाव कमावलेला माणूस. तो शांघायमार्गे आशियात आला आणि इकडचाच झाला. पुढे तो कलकत्त्याला गेला आणि १९४५ साली तिथेच कॉलऱ्याने वारला.

या मंडळींच्या स्वतःच्या देशात तेव्हा अनेक हॉटेलांत त्यांना वाजवायला पुढच्या दाराने नव्हे तर मागच्या दाराने जावं लागे. इथे ते देशातल्या सर्वांत दिमाखदार हॉटेलात रात्र गाजवत होते. अर्थात समोर नाचणारे होते साहेब, संस्थानिक आणि मलबार हिलवाले. आपल्या आजोबांना ताजच्या पायरीवर कोणी उभं केलं नसतं. हाही इतिहासाचाच भाग.

पण बँड मोठा असला की वादक लागतात, आणि ते मुंबईत होते. गोव्यातल्या चर्चना जोडलेल्या शाळांत मुलांना नोटेशन वाचायला शिकवण्याची जुनी परंपरा होती. गावचा मेस्त्री छडी घेऊन सोलफा घोटून घ्यायचा, व्हायोलिन हातात द्यायचा. ही मुलं पोटासाठी मुंबईला आली. धोबीतलावला, माझगावला गावागावाच्या 'कूड' म्हणजे सामायिक खोल्या होत्या. तिथे एक ट्रंक, एक वळकटी आणि खिळ्याला टांगलेलं वाद्य, एवढाच संसार. दिवसा चर्चमध्ये किंवा मूकपटाच्या थिएटरात, रात्री हॉटेलात. अमेरिकन वादकांच्या शेजारी बसून त्यांनी जॅझ उचललं.

त्यातला सगळ्यात गाजलेला म्हणजे बार्देशातल्या हळदोण्याचा ट्रंपेटवाला आंतोनियो शाव्हियर वाझ. हे नाव कोणाला माहीत नसेल. लोक त्याला चिक चॉकलेट म्हणत. हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग अशी त्याची ख्याती. हातात पांढरा रुमाल, आवाज घोगरा, अगदी आर्मस्ट्राँगसारखा. अंकलच्या वडिलांनी त्याला ऐकलं होतं. अंकल सांगायचे, "डॅडी म्हणायचे, चिक वाजवायला लागला की वेटर ट्रे घेऊन उभेच राहायचे."

पुणतांब्याचा चितळकर आणि हळदोण्याचा वाझ

स्वातंत्र्य आलं, साहेब गेले, संस्थानं गेली. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मुंबईच्या नाइटक्लबांचं कंबरडं मोडलं. रात्रीचं उत्पन्न आटलं तेव्हा या वादकांना आसरा दिला तो हिंदी सिनेमाच्या स्टुडिओंनी. आणि इथे आपली मराठी माणसं गोष्टीत येतात.

संगीतकार सी. रामचंद्र म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. पाया शास्त्रीय आणि भावगीताचा, पण कान चौफेर. त्यांनी चिक चॉकलेटला हाताशी धरलं. १९५१ साली मास्टर भगवान यांचा 'अलबेला' आला. त्या सिनेमात चिक आणि त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. भगवान पालव, आपले दादर-परळचे भगवानदादा. त्यांच्या त्या झुलत्या नाचामागे हळदोण्याची ट्रंपेट आहे, हे मला साठीच्या उंबरठ्यावर कळलं. लहानपणापासून गणपतीत त्या गाण्यांवर नाचत होतो की आपण सगळे!

ही जोडी एकटी नव्हती. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतले ते व्हायोलिनचे थवेच्या थवे कागदावर उतरवले सेबॅस्टियन डिसूझा यांनी. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं. पुढे १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये ज्या नावावर गाणं झालं, ते नाव म्हणजे शिष्याने गुरूला केलेला नमस्कार. आपण ते गाणं ऐकून हसत राहिलो. ट्रंपेटवादक फ्रँक फर्नांड स्टुडिओत कामं करता करता कोकणी सिनेमाकडे वळले. 'आमचें नशीब' (१९६३) आणि 'निर्मोण' (१९६६) हे त्यांचे सिनेमे.

कामाची पद्धत अशी असे. संगीतकार पेटीवर चाल सांगायचा. ती ऐकून अरेंजर प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा लिहायचा. कधी शास्त्रीय गाणारा संगीतकार आणि कधीही राग न शिकलेला अरेंजर, दोघांची भाषाही धड एक नाही. तरी दुपारपर्यंत गाणं उभं राहायचं. वादकाला त्या दिवसाचे पैसे मिळायचे आणि तो ट्रेन पकडून घरी. मग तबकडी निघायची. तिच्यावर सिनेमाचं नाव, गायकाचं नाव, संगीतकाराचं नाव. वादकाचं नाव कुठेच नाही.

नाव छापण्याचा हा प्रश्न फक्त वादकांचा नव्हता. १९४९ च्या 'महल'मधल्या त्या अजरामर गाण्याच्या पहिल्या तबकडीवर लता मंगेशकरांचंही नाव नव्हतं. तिथे छापलं होतं 'कामिनी', म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं नाव. लताबाईंचं नाव पुढे आलं, गायकांना तो मान मिळाला. मागच्या रांगेतल्या ट्रंपेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोनवाल्यांना मात्र तबकडीवर जागा झाली नाही.

"दुसरी ट्रंपेट कोणाची?"

सात नंबरवरच्या गप्पांचा निम्मा वेळ याच एका प्रश्नावर जाई. डॉक्टर छोटा रेकॉर्ड प्लेअर आणायचे, माझ्या खिडकीतून वायर ओढायचे. एक तबकडी लागली की तिघेही मान खाली घालून गप्प. संपली की भांडण. "हा अमुकच." "शक्य नाही, तो तेव्हा कलकत्त्याला होता." "अरे डिकरा, तुझा कान साफ कर." मला वाटायचं, काय हा रिकामटेकडेपणा! गाणं ऐकावं आणि खूश व्हावं.

एकदा चहा देताना मी तसं बोललेही. तेव्हा डॉक्टरांनी जे सांगितलं ते माझ्या डोक्यात राहिलं. अमेरिकेतही सुरुवातीच्या जॅझ तबकड्यांवर बहुधा बँडचंच नाव असायचं, आतल्या वादकांची नावं नसायची. चाहत्यांनी कानाने ओळखून, पत्रं लिहून, म्हाताऱ्या वादकांना गाठून ती नावं गोळा केली. १९३६ साली पॅरिसमध्ये शार्ल दलोने या तरुण चाहत्याने अशा माहितीचं पुस्तकच काढलं, 'हॉट डिस्कोग्राफी'. कुठल्या दिवशी, कुठली तबकडी, कोण काय वाजवतंय, याची यादी. हे काम विद्यापीठाने केलं नाही, सरकारने नाही, कंपन्यांनी तर नाहीच. कट्ट्यावर बसून "दुसरी ट्रंपेट कोणाची" असं भांडणाऱ्यांनी केलं. आज जॅझचा इतिहास लिहिणारा प्रत्येक जण त्याच पायावर उभा असतो.

मुंबईच्या वादकांचंही तेच झालं. न्यूझीलंडच्या विद्यापीठात शिकवणारे ग्रेगरी बूथ यांनी जुन्या स्टुडिओवादकांच्या मुलाखती घेऊन २००८ साली पुस्तक लिहिलं. मुंबईचे पत्रकार नरेश फर्नांडिस यांनी इथल्या जॅझचा इतिहास २०१२ साली पुस्तकात आणला. दोघांचाही मोठा आधार म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी आणि घरातले फोटो. आणखी दहा वर्षं उशीर झाला असता तर विचारायलाच कोणी उरलं नसतं.

टंचाईचे दिवस

आता गाडीकडे वळू, कारण बावाजींना तिचा उल्लेख नसलेला लेख चालला नसता.

गाडीचं नाव लिहीत नाही. त्या काळी आपल्याकडे रस्त्यावर मुख्यतः तीनच देशी गाड्या: अँबॅसेडर, फियाट आणि स्टँडर्ड हेरल्ड. त्यातली ती एक. तिच्या रुसण्याफुगण्याचा दोष मी कोणा कंपनीला देत नाही. तीस-पस्तीस वर्षांच्या गाडीने सकाळी खोकू नये तर काय करावं? पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरमध्ये दमट हवा शिरायची, उन्हाळ्यात पेट्रोलला एअर लॉक धरायचा. मग फ्युएल पंपावर ओलं फडकं ठेवायचं, पॉइंट घासायचे, प्लग पुसायचे, चोक ओढायचा आणि तरीही नाहीच जमलं तर वॉचमन, दूधवाला आणि खाली खेळणारी पोरं यांना हाक. सोसायटीतल्या आत्ताच्या तिशीतल्या एकूण एक मुलाने त्या गाडीला धक्का मारलेला आहे. बावाजी मोबदला म्हणून रावळगाव चॉकलेट द्यायचे आणि वर म्हणायचे, "ती बिघडत नाय, आराम करते."

मला आधी वाटायचं, जॅझ आणि नादुरुस्त गाडी यांचा काय मेळ? पण मेळ आहे. स्वातंत्र्यानंतर तीनएक दशकं परकीय चलन वाचवायला आयातीवर कडक बंधनं होती. मोटारींचे कारखाने मोजकेच. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्याला फियाट बनवायची. जुन्या गोल पाठीच्या मॉडेलला आपली माणसं प्रेमाने 'डुक्कर फियाट' म्हणत. नंतर ती प्रीमियर पद्मिनी झाली आणि काळी-पिवळी होऊन सगळ्या मुंबईला पोहोचवत राहिली. अशी गाडी नोंदवली की वर्षानुवर्षं थांबायचं. एकदा मिळाली की माणूस ती सोडत नसे. म्हणून प्रत्येक मालक अर्धा मेकॅनिक. कुठल्या गॅरेजात कोण चांगला, कुठला पार्ट कुठल्या गल्लीत मिळतो, हे ज्ञान छापलेलं नव्हतं. तेही गप्पांतच फिरायचं.

रेकॉर्डींचं अगदी तसंच. खरं तर तबकडी आपल्याच मातीतली. जुन्या अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्या ज्या शेलॅकच्या बनत, ती म्हणजे आपली लाख, छोटा नागपूरच्या जंगलातली. १९०८ पासून कलकत्त्यात तबकड्या छापल्या जात होत्या. पण परदेशी जॅझची एलपी इथे मिळणं म्हणजे दैवयोग. कोणाचा भाऊ बोटीवर, कोणाची भाची विमान कंपनीत, त्यांच्या बॅगेतून एखादी यायची. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये उभ्याने ऐकायची, चोरबाजारात धुळीतून शोधायची. एक एलपी आली की वीस घरं फिरायची. ज्यांच्याकडे तीही नाही, ते रात्री शॉर्टवेव्हवर व्हॉइस ऑफ अमेरिका लावायचे. १९५५ पासून विलिस कॉनोव्हर तिथे जॅझ वाजवायचा, इंग्रजी मुद्दाम सावकाश बोलायचा. गंमत म्हणजे ते प्रसारण अमेरिकेबाहेरच्यांसाठी होतं; कॉनोव्हर जगभर ओळखीचा आणि त्याच्याच देशात अनोळखी. डॉक्टर म्हणायचे, "माझं इंग्रजी शाळेचं नाही, कॉनोव्हरचं आहे."

म्हणजे दोन्हीकडे कारण एकच. वस्तू दुर्मीळ, म्हणून जपणूक. जपणूक अवघड, म्हणून एकमेकांना विचारणं. आणि विचारायला गेलं की गप्पा आल्याच. १९८३ च्या अखेरीस मारुती ८०० आली, त्याच दशकात स्वस्त कॅसेटी आल्या. चांगलंच झालं. धक्का मारायची हौस कोणाला असते? पण गाडी न बिघडता धावायला लागली की बॉनेटभोवती कोणी जमत नाही, आणि सगळी गाणी खिशात आली की शेजाऱ्याकडे काय आहे हे विचारायला कोणी जात नाही.

पाहुणे आणि रंगभवन

मोठे पाहुणेही मुंबईने पाहिले. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकन सरकार आपले जॅझवादक जगभर पाठवत होतं. १९५८ साली डेव्ह ब्रूबेक आला आणि आपल्या उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांच्या सतारीबरोबर पियानोवर बसला. १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन आला. त्याचा तो दौरा केनेडींच्या हत्येमुळे पुढे तुर्कस्तानात अर्ध्यावर थांबला. १९६४ मध्ये साक्षात लुई आर्मस्ट्राँग. त्या कार्यक्रमाला आपण हजर होतो असं सांगणारी माणसं मी आजवर इतकी ऐकली आहेत, की सगळी खरी धरली तर हॉल तीनदा भरला असता.

चाहत्यांनी नुसतं ऐकलं नाही, उभंही केलं. निरंजन झवेरी आणि त्यांच्या मित्रांनी १९५२ मध्ये मुंबईतून 'ब्लू ऱ्हिदम' हे जॅझचं मासिक काढलं. त्याच झवेरींच्या पुढाकाराने १९७८ साली धोबीतलावच्या उघड्या रंगभवनात पहिली 'जॅझ यात्रा' भरली. सॅक्सोफोनचा बादशहा सॉनी रॉलिन्स तिथे वाजवून गेला. ज्या धोबीतलावच्या कुडींत कधीकाळी गोव्याची पोरं वळकट्या टाकून राहिली, तिथून हे रंगभवन हाकेच्या अंतरावर. दर दोन वर्षांनी यात्रा भरायची. शंकर-जयकिशननीही १९६८ मध्ये रईस खाँची सतार घेऊन 'रागा जॅझ स्टाइल' नावाची एलपी काढली होती. ती सात नंबरवर सगळ्यात जास्त वाजली. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांनी रंगभवन गप्प झालं. २०१६ च्या २९ फेब्रुवारीला ऱ्हिदम हाउसने शटर ओढलं. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली.

रोजचं जगणं

हे सगळं वाचून वाटेल की तिथे विद्वानांची परिषद भरायची. छे! एलिंग्टनच्या मधेच "आज पाणी दहालाच गेलं" असायचं. गुडघ्याचं ऑपरेशन करावं की नको, मुलीचा फोन आला का, मासे कोणाकडचे ताजे, मेंटेनन्स का वाढवला, यावर तितक्याच तन्मयतेने चर्चा व्हायची. डॉक्टरांच्या मिसेस गेल्या तेव्हा पुढच्या रविवारी तिघे आले, बसले, तबकडी लावली नाही. बावाजी दोन तास नुसता कार्ब्युरेटर पुसत राहिले. त्या दिवशी मी खिडकीतून चहा दिला तर कोणी थँक्यूसुद्धा म्हटलं नाही. बरंच बोलणं झालं होतं म्हणायचं.

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी. अंकलचे वडील स्टुडिओत क्लॅरिनेट वाजवायचे. एका जुन्या, तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या ओठांवरच्या गाण्यात दोन कडव्यांच्या मधे क्लॅरिनेटचा एक छोटा तुकडा आहे, पंधरा-वीस सेकंदांचा. ते वाजलं की अंकल बोट वर करायचे. "डॅडी." लहानपणी बाप घरी तोच तुकडा घोटत बसलेला त्यांनी ऐकला होता. ही गोष्ट मी वहीत लिहायला घेतली तेव्हा त्यांनीच अडवलं. म्हणाले, "पुरावो ना, वहिनी. छापू नका. उद्या दुसऱ्या कोणाच्या पोराचा बाप निघाला तर?" म्हणून गाण्याचं नाव इथे देत नाही. मला अजून वाटतं ते डॅडीच. पण ज्यांची नावं कधी छापलीच नाहीत, त्यांच्यातल्या एकाच्या मुलाने दुसऱ्याचं नाव चुकून पुसलं जाऊ नये म्हणून घेतलेली ही काळजी. इतिहास लिहिणाऱ्यांनी शिकावी अशी.

ऑफिसातलं कपाट

२०१९ च्या दिवाळीनंतर बावाजी गेले. गाडी भाच्याने नेली. मग कोविड आला, आणि अंकलही गेले. २०२१ मध्ये त्यांची मुलं परदेशातून येऊन घर रिकामं करून गेली. चार दिवसांची सुट्टी, त्यात बँक, वकील, सामान. बिचाऱ्यांना उसंत कुठली? काही खोके खाली भंगारवाल्यासाठी ठेवले होते. भंगारवाला वजन करणार इतक्यात आपल्या वॉचमननी त्याला थांबवलं आणि माझी बेल वाजवली. "मॅडम, ये अंकल का गाना है." त्यांनी वीस वर्षं गेटवरून तेच ऐकलं होतं ना! मी मुलांना फोन केला, त्यांनी आनंदाने होकार दिला. दीडशेच्या आसपास तबकड्या निघाल्या.

आम्ही त्या पुसायला घेतल्या तेव्हा कळलं की खरा ठेवा तबकड्यांवर नव्हताच. पाकिटांच्या मागे पेन्सिलीने बारीक अक्षरात नावं लिहिलेली आहेत. ट्रंपेट अमुक, पियानो तमुक. काहींपुढे बरोबरची खूण, काहींपुढे प्रश्नचिन्ह, आणि कुठे बावाजींच्या वळणदार अक्षरात 'नॉट शुअर, आस्क डॉक्टर'. वीस वर्षांची भांडणं तिथे नोंदलेली होती. रिकामटेकडेपणा म्हणून मी जे ऐकत होते, ते काम होतं.

आज त्या तबकड्या सोसायटीच्या ऑफिसातल्या मधल्या कपाटात आहेत. ते कपाट सीसीटीव्हीच्या यंत्रणेसाठी मोकळं करावं असा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेपुढे आहे. यंत्रणा हवीच, माझा विरोध नाही. फक्त एक फळी या तबकड्यांना ठेवावी, एवढी विनंती मी या लेखातून करते. डॉक्टर आता शहाऐंशीचे आहेत, कान अजून तिखट आहे. प्रश्नचिन्हांची पाकिटं घेऊन मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाते. चौदा सुटली. जिथे त्यांनाही खात्री नाही तिथे प्रश्नचिन्ह तसंच ठेवलं आहे, अंकलच्या नियमाप्रमाणे.

तुमच्याही माळ्यावर रेकॉर्डी असतील, तर चार गोष्टी सांगते. एकावर एक रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. ऊन आणि ओल दोन्हीपासून लांब. जुन्या अठ्ठ्याहत्तरच्या जड तबकड्यांना स्पिरिट अजिबात लावू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते आणि गाणंच पुसलं जातं. आणि सर्वांत महत्त्वाचं, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून पाकिटावर पेन्सिलीने लिहा: हे कोणाचं, कुठून आलं, कोण वाजवतंय. रेकॉर्डी नसतील तर जुने फोटो घ्या. मागे नावं लिहा. आपल्या इमारतीच्या पायाभरणीच्या फोटोत अकरा माणसं आहेत. त्यातल्या चौघांची नावं आज कमिटीत कोणालाच सांगता येत नाहीत, आणि त्याला अवघी पंचवीस वर्षं झाली आहेत.

तो फोटो ऑफिसच्या नोटीस बोर्डावर लावला आहे. खाली एक वही बांधून ठेवली आहे. रविवारी दहा ते बारा ऑफिस उघडं असतं. ज्यांना नावं आठवतील त्यांनी येऊन लिहावीत. खात्री नसेल तर पुढे प्रश्नचिन्ह टाका, पण लिहा.